आमची वाटचाल : "तुझे स्वतःचे किती रे?"

2021 च्या सप्टेंबरात डॅलसजवळच्या मेस्कीटमध्ये आम्ही 64 घरांचं अपार्टमेंट कॉम्प्लेक्स घेतलं, तेव्हा ओळखीच्यांचे पैसे एकत्र करून इमारती घेणारी आमची कंपनी म्हणजे मी, बायको आणि जेवणाच्या टेबलावरचे दोन लॅपटॉप. किंमत 60 लाख डॉलर, पैकी 45 लाख कर्ज. उरलेले 15, वर डागडुजी, क्लोजिंगचा खर्च आणि आमची फी धरून 18 लाख उभे करायचे होते.

पैसे घालणारे ऑफिसातले, मंडळातले, मुलांच्या मराठी शाळेतले. आम्ही 506(बी) या अमेरिकी नियमाखाली खाजगीत पैसे उभारत होतो. त्यात जाहिरात चालत नाही, आधीपासूनची ओळख लागते. त्यामुळे गणपतीत आरतीनंतर माईक हातात असूनही या विषयावर तोंड मिटून बसायचो.

सगळे भाडं विचारायचे, परतावा विचारायचे. एका निवृत्त काकांनी मात्र पार्किंगमध्ये गाठलं. "ते सगळं ठीक. तुझे स्वतःचे किती रे?"

"1 लाख 20 हजार, काका."

कागदावर ते बरोबर होतं. व्यवहार जुळवल्याबद्दल आम्हाला किमतीच्या 2 टक्के फी मिळणार होती. ती न उचलता आम्ही डीलमध्येच भांडवल म्हणून ठेवली. 18 लाखांत 1 लाख 20 हजार, म्हणजे जवळजवळ पावणेसात टक्के. एरवी स्पॉन्सरचे, म्हणजे डील जुळवणाऱ्याचे, 5 ते 10 टक्के असले की लोक समाधानी असतात. पण आमच्या बँकेतून एक डॉलरही हलला नव्हता. या धंद्यात हे सर्रास चालतं, आणि कागदपत्रांत नमूद केलेलं असलं की बेकायदाही नाही. आम्हीही केलं होतं, पान 40 च्या पुढे कुठेतरी. डील बुडालं असतं तर आमची फी गेली असती, आणि काकांची पुंजी.

मग मार्च 2022 पासून फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर वाढवायला घेतले आणि जुलै 2023 पर्यंत ते 5.25–5.50 टक्क्यांवर नेले. आमचं कर्ज बदलत्या दराचं. दोन वर्षांचा रेट कॅप, म्हणजे व्याज ठराविक दरावर जाऊ न देणारं विकतचं संरक्षण, होता म्हणून तग धरली. तो संपला, कर्ज देणाऱ्यांना नवा हवा होता, आणि त्याची किंमत पहिल्याच्या कितीतरी पट. त्यात टेक्ससमधला विमा आणि प्रॉपर्टी टॅक्स. 3 लाखांचा कॅपिटल कॉल काढावा लागला, म्हणजे सगळ्यांकडे आणखी पैसे मागावे लागले.

बायको म्हणाली, "आधी आपले घालू, मग लोकांना फोन कर." घरावरच्या क्रेडिट लाइनमधून 90 हजार काढले आणि ती फेडायला डोंबिवलीचा फ्लॅट विकला. पैसे भारतातून इकडे आणायला टीडीएस, 15सीए आणि 15सीबी हे कराचे फॉर्म, अनिवासींचं एनआरओ खातं... मेस्कीटच्या क्लोजिंगपेक्षा त्याला जास्त दिवस लागले. बाबांनी हप्ते भरून घेतलेला फ्लॅट होता तो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

फोनवर काहींनी खूप ऐकवलं. एक मित्र अजून बोलत नाही. काकांनी एवढंच विचारलं, "या वेळी तुझे रोख आहेत का?"

हल्ली आमच्या माहितीपत्रकात, पहिल्याच पानावर, दोन वेगळ्या ओळी असतात: आमचे रोख किती, आणि फीतून वळवलेले किती. मागच्या वर्षीच्या डीलमध्ये रोख 6 टक्के होते, वळवलेले शून्य. ते आकडे बघून दोघांनी "एवढेच?" म्हणत माघार घेतली.

मेस्कीटची 64 पैकी 60 घरं आज भरलेली आहेत. गुंतवणूकदारांना नफ्याचं वाटप अजून बंदच आहे.