तुम्ही विचारलेत म्हणून : मोज्यांचा धडा

दर वर्षी महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात नवी मुले आली, की कोणी ना कोणी पालक मला हमखास विचारतात, "सर, पहिले दोन दिवस नुसते मोजे आणि बूट घालायला शिकवता म्हणे. ते कशासाठी?" तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. ही पद्धत माझी नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात २७ वर्षे प्रशिक्षक असलेल्या जॉन वुडन यांच्याकडून मी ती उचलली आहे. बोटांपाशी आणि टाचेपाशी मोज्याला एकही वळी राहता कामा नये, बूट सैल असू नये आणि नाडी प्रत्येक भोकापाशी ताणून घ्यावी, एवढाच तो धडा. वळीमुळे पायाला फोड येतो आणि फोड आलेला खेळाडू सरावाला मुकतो. शाळेत नाव गाजवून आलेली उंचनिंच मुले हे ऐकून चकित होत. वुडन यांच्याच हाताखाली घडलेल्या बिल वॉल्टन यांच्यासारख्या नामवंत खेळाडूने ही आठवण पुढे अनेकदा सांगितली.

वुडन मूळचे शिक्षक, हे विसरले तर त्यांच्यातले काहीच कळत नाही. १९१० मध्ये इंडियाना राज्यात शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला, पर्ड्यू विद्यापीठाकडून ते उत्तम खेळले, आणि नंतर शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता संघही सांभाळू लागले. केंटकीतल्या डेटन येथील पहिल्याच हंगामात त्यांचा संघ जिंकला त्यापेक्षा अधिक सामने हरला.

पुढे ते इंडियाना स्टेट या महाविद्यालयाच्या संघाचे प्रशिक्षक झाले, तिथला एक प्रसंग मात्र मला त्यांच्या सगळ्या विजेतेपदांहून मोठा वाटतो. १९४७ मध्ये त्यांच्या संघाला कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचे आमंत्रण आले. पण त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता आणि वुडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय मुलगा होता. वॉकर काही मुख्य खेळाडू नव्हता, त्याला मागे ठेवून जाणे सहज शक्य होते, तरीही वुडन यांनी आमंत्रण नाकारले. पुढच्या वर्षी तो नियम रद्द झाला, तेव्हा ते वॉकरसह गेले आणि संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला.

त्याच वर्षी ते यूसीएलएला गेले, तेही काहीसे अपघातानेच. त्यांचा ओढा मिनेसोटा विद्यापीठाकडे होता, परंतु हिमवादळामुळे तिथला दूरध्वनी ठरल्या वेळी आला नाही आणि त्यांनी यूसीएलएला होकार कळवला. नंतर तो दूरध्वनी आला, तेव्हा दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. तिथल्या जुन्या व्यायामशाळेची फरशी सुरुवातीची अनेक वर्षे ते स्वतः झाडत आणि पुसत. पहिले राष्ट्रीय विजेतेपद आले ते १९६४ मध्ये, म्हणजे सोळाव्या हंगामात. (आपल्याकडे तिसऱ्या वर्षीच नवा प्रशिक्षक शोधायला समिती नेमली गेली असती.) त्यानंतर १९७५ पर्यंत आणखी नऊ विजेतेपदे आली, त्यांतली सात सलग, आणि एका टप्प्यावर ओळीने ८८ सामन्यांत विजय मिळाला. हे आकडे सर्वांना पाठ असतात, म्हणून मी त्यांत रमत नाही.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यांच्या शेवटच्या हंगामातले एक निरीक्षण. रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५ मध्ये त्यांच्या सरावाला बसून, त्यांच्या शिकवण्याच्या २,३२६ कृतींची नोंद केली. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश कृती म्हणजे केवळ माहिती होती : काय करायचे, कसे करायचे, कधी करायचे. शाबासकीचे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास निघाले. चूक झाली की ते बरोबर कृती करून दाखवत, मग खेळाडूने केलेली चूक करून दाखवत आणि पुन्हा बरोबर कृती, हे सारे काही सेकंदांत. त्या नेमकेपणामागे रोज सकाळचे तास असत. सहायकांबरोबर बसून दुपारच्या सरावाचा मिनिटामिनिटाचा आराखडा ते छोट्या कार्डांवर लिहीत, आणि ठरलेली वेळ संपली की सराव थांबत असे. मीही वीस वर्षे शिट्टी गळ्यात घालून ओरडलो. हे निरीक्षण वाचल्यावर माझ्या ओरडण्यात माहिती किती असते, हे मोजायची मला भीती वाटली.

वुडन यांना संत करू नये. संघाचा एक धनाढ्य पाठीराखा खेळाडूंना नियमबाह्य मदत करत असे, आणि त्यावरून १९८१ मध्ये, म्हणजे वुडन यांच्या निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, विद्यापीठावर कारवाई झाली. ती मदत त्यांच्या काळातही सुरू होती, असे वृत्तपत्रांनी नंतर उघड केले. मोज्याची वळी दिसणाऱ्या माणसाने इथेही अधिक बारकाईने पाहायला हवे होते, असे माझे मत आहे. तरीही त्यामुळे त्यांचे शिकवणे खोटे ठरत नाही.

तर, तुमच्या मुलाला तिसऱ्या दिवशी चेंडू मिळेल. गेल्या वर्षी तो चौथ्या दिवशी दिला होता, कारण दोघांच्या मोज्यांना अजून वळ्या होत्या.