खोडरबर दप्तरात ठेवा

दुसरीतल्या मुलाला ‘इथे काहीतरी चुकलंय’ म्हटलं की त्याचा हात आधी खोडरबरकडे जातो. काय चुकलं ते बघायच्या आत सगळं पुसून मोकळा. मग नव्याने लिहितो, आणि तीच चूक पुन्हा. आमच्या जिल्हा परिषद शाळेत संगणक एकच, तोही वीज असेल तेव्हाचा. पण प्रोग्राममधली, म्हणजे संगणकाला ओळीने दिलेल्या सूचनांमधली, चूक शोधण्याची रीत शिकवायला तो लागतच नाही, हे मी न्यूझीलंडच्या कॅन्टरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांच्या ‘सीएस अनप्लग्ड’ या संगणकाविना संगणकशास्त्र शिकवणाऱ्या उपक्रमाविषयी वाचताना कळलं होतं. करून बघायचं ठरवलं.

व्हरांड्यातल्या शहाबादी फरशा म्हणजे आयते चौकोन. एका फरशीवर खडूने आंबा काढला. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर तीनच खुणा: पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. एकाने आंब्यापर्यंत नेणारी कार्डं ओळीने मांडायची, दुसऱ्याने ‘यंत्र’ होऊन तसंच चालायचं.

पण यंत्र फार शहाणं निघालं! कार्ड चुकीचं असलं तरी समोर आंबा दिसतोय म्हटल्यावर पोरगं आपसूक तिकडेच वळायचं. अशाने चूक दिसणार कशी? मग आंबा फरशीवरून पुसला. तो फक्त मांडणाऱ्याच्या चौकटीच्या वहीत ठेवला. डाव्या-उजव्याचा घोळही होताच, कारण समोर उभं राहणाऱ्याचं डावं ते यंत्राचं उजवं. मांडणाऱ्याने यंत्राच्या पाठीमागून चालायचं, एवढ्याने तो मिटला.

‘बाई, यानेच चुकीचं लावलं’ ही भांडणं मात्र थांबेनात. म्हणून मी घरूनच मुद्दाम चुका पेरलेल्या कार्डांच्या ओळी, म्हणजे पट्ट्या, करून आणू लागले. चूक कोणाचीच नाही म्हटल्यावर सगळे शोधायला मोकळे.

खरी अडचण पुढे होती. यंत्र सहाव्या कार्डाला भिंतीवर आदळलं, की मुलं सहावं कार्ड बदलायची. वळण तिसऱ्याच कार्डावर चुकलेलं असायचं. यावर साधा खडा कामी आला. एक पाऊल झालं की त्या कार्डावर खडा ठेवायचा आणि विचारायचं, ‘आत्ता यंत्र कुठे असायला हवं होतं?’ वहीतली जागा आणि फरशीवरची जागा जुळली नाही की तिथेच थांबा. आणि एका वेळी एकच कार्ड बदला, मग पहिल्यापासून चालून बघा. हा नियम मुलांना जाचक वाटतो, पण तो मी सोडला नाही. चार कार्डं एकदम बदलली तर नक्की कशाने सुधारलं ते कोणालाच कळत नाही.

सोळा कार्डांची पट्टी दिली तेव्हा एका मुलीने सरळ आठव्या कार्डापर्यंत चालवून जागा जुळवली. ‘इथपर्यंत बरोबर, म्हणजे पुढच्यातच आहे.’ अर्धं काम वाचलं. हे मी सांगायच्या आधी तिला सुचलं याचा मला फार आनंद झाला.

तीच सवय वजाबाकीत आणली. 52 वजा 27 बरोबर 35, असं लिहिलेलं गणित फळ्यावर मांडायचं आणि पुसायला बंदी. जिथे घसरलं तिथे फक्त गोल करायचा. दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले, हे मुलं आता स्वतः ओळखतात. ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांनी 1978 साली वजाबाकीतल्या अशाच चुकांचा अभ्यास मांडला होता. मूल पुष्कळदा धांदरट नसतं, चुकीची रीत इमानेइतबारे पाळत असतं. मग पुसून पुन्हा केलं तर तेच उत्तर येणार, दुसरं काय?

सध्या अडलंय ते एका पट्टीवर. त्यात यंत्र एक फरशी आधी वळतं, आणि पुढचं एक जादा वळण ती कसर भरून काढतं. आंब्यापर्यंत ते बरोबर पोचतं. अर्धा वर्ग म्हणतो, ‘पोचलं ना, मग चूक कसली?’ बाकीचे वहीतली वाट दाखवून हुज्जत घालतात. आता त्या आडवाटेवर मी खडूने विहीर काढली आहे, आणि यंत्र व्हायला कोणी तयार नाही.