नागघाटावरची माय

मंडळी पैठणीच्या दुकानात शिरली तेव्हाच ओळखलं, आता दीड तासाची निश्चिंती. मी पैठणच्या नागघाटाची वाट धरली. ऊन मी म्हणत होतं. गोदावरीला पाणी जेमतेम घोट्याइतकं, बाकी सगळं वर जायकवाडीत अडलेलं.

पायरीवर एक आजोबा बिडी पेटवत होते. "शालिवाहन राजा इथलाच ना?" एवढं विचारायचा अवकाश!

दोन परदेशी ब्राह्मण भाऊ नि त्यांची विधवा बहीण. ती पाण्याला आली आणि डोहातल्या शेषनागाचं मन तिच्यावर गेलं. "पोट दिसाया लागलं तसं भावांनी काढता पाय घेतला बघा. कुंभाराच्या घरी ऱ्हायली." पोरगं मातीचे हत्ती-घोडे करायचं. उज्जैनचा विक्रम चालून आला तेव्हा तेच जिवंत होऊन लढले. १४व्या शतकात जैन आचार्य जिनप्रभसूरींनी ही कथा लिहून ठेवली आहे, पण आजोबांची बिडी तिच्यात नाही.

मला आठवली ती वाहत गेलेली पोरं. कर्णाच्या पेटीला मेण लावलेलं, प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कडच्या सारगॉन राजाच्या टोपलीला डांबर. एक अश्वनदीतून थेट गंगेकाठच्या चंपेला, दुसरा अक्की नावाच्या पाणक्याच्या हाती. रोम वसवणाऱ्या जुळ्यांना लांडगीने पाजलं. तिथे मात्र रोमन इतिहासकार लिव्ही हळूच सांगतो की 'लुपा' म्हणजे लांडगी, आणि बदफैली बाईलाही मेंढपाळ तेच म्हणत. इतिहासकाराला लांडगी पचली नव्हती, एवढं खरं.

पैठणला पेटी नाही, टोपली नाही. इथे पोर टाकलंच नाही, टाकली ती बाई. आणि तिने पोराला सोडलं नाही.

"तिचं नाव काय हो?"

"नाव कुठलं? शालिवाहनाची माय."

गंमत बघा. पैठणचे खरे सातवाहन राजे आईचं नाव लावत: गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. नाशिकच्या ३ क्रमांकाच्या लेण्यात तर गौतमी बलश्रीने स्वतःचं दान स्वतःच्या नावाने कोरून घेतलंय, नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी. दगडावर पोरगा आईच्या नावाचा, घाटावर आई पोराच्या.

ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद बोलवले तेही इथेच म्हणतात. आईबाप गेलेली, 'संन्याशाची पोरं' म्हणून हिणवलेली ती चार भावंडं शुद्धिपत्र मागायला आली होती.

फोन वाजला. साडी ठरली होती, काठांवरून वाद बाकी होता. उठताना आजोबांनी विचारलं, "तुमी कोनाचे म्हनायचे?"

वडिलांचं नाव सांगून मी पायऱ्या चढू लागलो.