पैदाशीचा बोकड घेताना: फोटो आणि जबडा

गोव्यात पेडण्याला आमच्या परड्यात आईच्या काळापासून शेळ्या आहेत. यंदा पैदाशीसाठी बाहेरचा बोकड आणि एखादी चांगली शेळी आणायची ठरवली. मोबाईलवर शोधताना घाटावरच्या एका फार्मचे फोटो दिसले. गुलाबी कातडी, हातभर कान आणि मागे उभ्या माणसाच्या छातीला लागलेला बोकड. खाली लिहिलेलं: बोकड 60 किलो, शेळी पहिल्या वेताची, टोकन टाका, उद्या गाडीत चढवतो.

फोटो मोठा करून पाहिला. बोकडामागच्या कुंपणाचे उभे गज त्याच्या पोटापाशी येऊन बाहेर फुगले होते आणि खाली परत सरळ. पोट ओढून मोठं केलं की मागचंही त्याबरोबर ताणलं जातं. दुसऱ्या फोटोतली गुलाबी झाक गव्हाणीतल्या कडब्यावरही उतरली होती. माणूस बोकडाच्या बराच मागे उभा आणि कॅमेरा बोकडाच्या तोंडाजवळ, जमिनीलगत. अशा फोटोत कुठलंही जनावर आहे त्यापेक्षा थोराड दिसतं.

मी फार्मवाल्याला सांगितलं, टोकनआधी व्हिडिओ कॉल हवा, टेप लावून दाखवा, ओठ उचलून दात दाखवा. "भाऊ, फोटो दिलेत ना, विश्वास ठेवा की," म्हणून त्याने आधी करून ठेवलेला व्हिडिओ पाठवला. तो नको म्हटलं. बऱ्याच टोलवाटोलवीनंतर कॉल लागला.

बोकडाचा छातीचा घेर 31 इंच भरला, खांद्यापासून मागच्या हाडापर्यंत लांबी 28. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे 41 किलोच्या आत-बाहेर. हा अंदाजच असतो, पण 60 आणि 41 मधला फरक अंदाजाचा नव्हे. मग शेळीचा जबडा. साधारण सव्वा-दीड वर्षाला दोन पक्के दात येतात, पुढे वर्षाला जोडी धरली तर चार वर्षांच्या सुमारास आठही पुरे होतात. हिचे आठही पुरे होते, मधले दोन झिजलेले. ही शेळी पहिल्या वेताची कशी असेल?

मला चीड आली ती वजनापेक्षा पैदाशीच्या जनावराबद्दल केलेल्या खोटेपणाची. कापायला जनावर घेणाऱ्याला काट्यावर लगेच कळतं. पैदाशीचं जनावर घेणाऱ्याला मात्र पाच महिन्यांनी शेळी व्याल्यावर, करडं वाढल्यावर कळतं, आणि तोवर त्या बोकडाचं रक्त अख्ख्या कळपात गेलेलं असतं. चारा, औषध, गोठ्यातली जागा, सगळं त्यावर खर्ची पडतं. गरीब घरात असा वाया गेलेला काळ फार मोठा असतो.

आमच्या गावात एकाने असंच टोकन दिलं आणि पलीकडचा फोन बंद झाला. अशा वेळी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. पैसे पुढे सरकले नसतील तर अडवता येतात.

शेवटी कुडाळच्या मामांनी तिकडच्याच एका शेतकऱ्याकडचा कोकण कन्याळ बोकड सुचवला. त्याने पाठवलेला फोटो अंधारातला, अर्धा बोकड चौकटीबाहेर. तरी जाऊन पाहिलं. काळं अंग, तोंडावर पांढरे पट्टे, लोंबत्या कानांना पांढरी कड, खूर स्वच्छ. त्याची आई आणि मागच्या वेताची करडं तिथेच बांधलेली होती, आणि ती बघायला मिळाली याचंच मला जास्त मोल वाटलं. आमच्या पावसात कोरड्या मुलखातल्या जनावरांचे खूर सडतात. कन्याळ मुळात कोकणातलीच. बोकड घेतला, त्याच गोठ्यातली एक दोनदाती पाटही, म्हणजे तरुण शेळी, घेतली.

तिथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून आरोग्याचा दाखला घेऊन पत्रादेवीच्या सीमेवरून आणली. आमच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाच्या लसीची चौकशी केली आणि तीन आठवडे कळपात सोडायची नाहीत म्हणून बजावलं. लाकडं ठेवायच्या खोपीत दोघांना वेगळी गव्हाण करून दिली आहे.