पाळकाचे बावन्न रविवार

रविवार, रात्री

मंडळीचा, म्हणजे गावच्या चर्चचा, विस्ताराचा दहा वर्षांचा आराखडा समोर आला की शेवटचं पान आधी बघावं. पहिल्या पानावर नकाशा असतो, त्यावर बाण असतात, ‘स्थानिक ते जागतिक’ असं ठळक अक्षरांत असतं. शेवटच्या पानावर पाळक किती, ते असतं. मेख तिथेच असते.

साधा हिशेब मांडू. पाळक एक, मुख्य मंडळी एक, भोवती सात उपमंडळ्या. वर्षाचे रविवार 52. महिन्यातला एक मुख्य मंडळीतल्या प्रभुभोजनाला दिला की 40 उरले. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असतं, लावणीची घाई असते; त्यात दहा गेले. उरले 30. सात ठिकाणी वाटले तर प्रत्येकी चार. आता आराखड्यात आणखी पाच ठिकाणं दाखवली, पाळक मात्र वाढवला नाही, तर त्याच 30 रविवारांत बारा गावं बसवायची. म्हणजे भाकर आणि प्याला वर्षातून दोनदा, फार तर तीनदा.

दुसऱ्या एखाद्या पंथात हे चालून जाईल. लूथरनांना, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतल्या आपल्याला, हे टोचायला हवं. आउग्सबुर्ग कबुलीजबाब हा लूथरनांच्या श्रद्धेचा 1530चा मूळ दस्तऐवज. त्याच्या सातव्या कलमात मंडळीची व्याख्या फार थोडक्यात केली आहे: सुवार्ता शुद्ध शिकवली जाते आणि संस्कार नीट दिले जातात, तिथे मंडळी. एवढं पुरे. इमारत नको, ऑर्गन नको, पाटीही नको. पण चौदावं कलम लगेच सांगतं की रीतसर पाचारण झाल्याशिवाय कुणी जाहीर शिकवू नये आणि संस्कार देऊ नयेत. त्यामुळे जागेवाचून, पैशावाचून मंडळी सुरू होते. दीक्षा झालेल्या पाळकावाचून अर्धवट राहते.

सोमवार

त्रांकेबार, तमिळ किनाऱ्यावरचं. बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग आणि हाइनरिश प्लुत्शाऊ हे लूथरन मिशनरी तिथे 1706च्या जुलैत उतरले. पुढच्याच वर्षी पहिले बाप्तिस्मे झाले, पहिलं चर्चही उभं राहिलं. तमिळ नवा करार 1715 साली छापून पूर्ण. आणि आरोन या पहिल्या तमिळ पाळकाची दीक्षा 1733च्या डिसेंबरात! पुस्तक नऊ वर्षांत आलं, माणूस सत्तावीस वर्षांनी. हा क्रम आजही तसाच आहे. छापायची घाई असते, दीक्षेला मात्र ‘अजून तयार नाही’.

आपल्याला जवळचं एक प्रकरण तंजावरचं. क्रिस्तियान श्वार्त्स हा त्याच परंपरेतला मिशनरी. दुसरे सरफोजी लहान असताना त्यांच्या पाठीशी उभा राहिला. तो 1798 साली वारल्यावर या भोसले राजाने फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं, त्यासाठी इंग्रजी ओळीही स्वतः रचल्या. राजाचा त्याच्यावर जीव होता, पण राजा मंडळीत आला नाही. आराखड्यात ‘प्रतिष्ठितांशी संबंध’ असा रकाना असतो ना, तो भरताना हे आठवावं.

मंगळवार

छोटानागपूर, रांचीभोवतीचा मुलूख. खरं तर सगळा आठवडा यावरच घालवायला हवा.

बर्लिनच्या योहानेस गोस्नरने पाठवलेले चौघे मिशनरी कलकत्त्यात पोहोचले तेव्हा रांची त्यांच्या यादीतच नव्हती. कलकत्त्यात मजुरी करणारी छोटानागपूरची माणसं त्यांना दिसली, आणि ही कुठली, असं विचारत ते निघाले. 2 नोव्हेंबर 1845ला रांचीत. पुढची साडेचार वर्षं एकही प्रौढ स्थानिक माणूस बाप्तिस्म्याला पुढे आला नाही. मग 9 जून 1850ला चार उराँव आदिवासींचा बाप्तिस्मा झाला. आजच्या कुठल्याही समितीने दुसऱ्याच वर्षी हे काम ‘निष्फळ’ म्हणून बंद केलं असतं.

पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना सरकारने आधी अडकवलं, मग मायदेशी धाडलं. 10 जुलै 1919ला रांचीच्या मंडळीने स्वायत्तता जाहीर केली. पण त्याच्या कितीतरी आधी उराँव आणि मुंडा मजूर आसामच्या चहामळ्यांत गेले होते. त्यांना कुणी ‘मिशन’वर पाठवलं नव्हतं, कंत्राटदाराने नेलं होतं. मजुरांच्या लाइनीतल्या झोपडीत गाणं आणि प्रार्थना सुरू झाली, मागाहून प्रचारक (शिकवणारा, पण पाळकाची दीक्षा नसलेला) मिळाला, त्याहून मागाहून पाळक. आज रांचीच्या याच मंडळीचा, म्हणजे गोस्नर चर्चचा, ईशान्येला स्वतंत्र धर्मप्रांत आहे. स्थानिक आणि जागतिक अशा दोन समित्या नेमणाऱ्यांनी सांगावं, हा मजूर कुठल्या समितीतला?

प्रचारकाला पोसायचं कसं, याचं उत्तर तिकडे चुलीपाशी आहे. भात टाकण्याआधी त्याच तांदळातली एक मूठ वेगळ्या मडक्यात. मूठ साधारण 40 ग्रॅमची धरली आणि दोन वेळा चूल पेटली तर महिन्याला घरटी सुमारे अडीच किलो. तीस घरांचे सत्तर-बहात्तर किलो. प्रचारकाच्या घरचं खाऊन थोडं विकायलाही उरतं. बिघडतं ते असं: मडक्याला झाकण नसलं की पोरकिडे होतात, उकडा आणि साधा तांदूळ एकाच पोत्यात ओतला की भाव पडतो. पोती दोन ठेवावीत आणि तांदूळ दर रविवारी गोळा करावा. महिनाभर साठू देऊ नये. मुठीची रीत बंद करून रोख वर्गणी सुरू केली की सोय होते खरी, पण मडकं बाईच्या हातात असतं आणि वर्गणीची वही पुरुषांच्या. बायका बाजूला पडतात ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

बुधवार

आज कागदपत्रं. कंटाळवाणी, पण मंडळ्या मोडतात त्या इथेच.

बाप्तिस्म्याची वही पहिल्या दिवशी घ्यावी. रकाने: क्रमांक, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, नाव, आईवडील, गाव, साक्षी, देणाऱ्याची सही. आजारी बाळाला जिवावरच्या प्रसंगी कुणीही सभासद पाणी आणि त्रैक्याचं नाव घेऊन बाप्तिस्मा देऊ शकतो आणि तो पूर्ण मानला जातो. चूक होते ती नंतर. बाळ वाचतं, सगळे आनंदात असतात, नोंद राहून जाते. वीस वर्षांनी लग्नाच्या वेळी दाखला मागितला की धावाधाव, आणि कुणीतरी भाबडेपणाने पुन्हा पाणी ओतायला निघतो, जे लूथरन शिकवणीत बसत नाही.

लग्नाचंही तसंच. 1872च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लावणाऱ्याला अधिकार हवा. प्रचारक कितीही चांगला असला तरी परवान्याशिवाय त्याने लग्न लावू नये.

पैसा. मुख्य मंडळीने उपमंडळीच्या माणसाच्या पगारातला आपला वाटा पहिल्या वर्षी तीन चतुर्थांश, दुसऱ्या वर्षी अर्धा, तिसऱ्या वर्षी पाव, चौथ्या वर्षी काहीच नाही, असं पहिल्याच सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावं. नंतर ठरवू म्हटलं की कधीच ठरत नाही. अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचा रूफस अँडरसन 1854-55च्या भारतभेटीत अहमदनगरलाही आला होता. मंडळीने स्वतः चालवावं, स्वतः पोसावं, स्वतः पसरावं, हे सूत्र त्याने आणि इंग्लंडच्या हेन्री व्हेनने मांडलं. तो लूथरन नव्हता, पण या बाबतीत त्याचं ऐकावं.

परदेशी भागीदार मंडळीकडून पैसा यायचा असेल तर परदेशी देणग्यांच्या कायद्याची (FCRA) 2020ची दुरुस्ती नीट वाचावी: रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात, प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत, आणि दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायची नाही. उपमंडळीची वेगळी संस्था नोंदवली असेल तर तो पैसा तिच्यापर्यंत पोहोचवताच येत नाही. हे नोंदणीच्या आधी कळायला हवं.

गुरुवार

स्वीडनची एकच मिशन संस्था: तिची माणसं 1866 साली एरिट्रियात आणि 1877 साली मध्य भारतात, सागर-छिंदवाड्याकडे. मध्य प्रदेशातलं लूथरन चर्च त्यातून झालं, लहानच राहिलं. आफ्रिकेकडच्या शाखेत ओनेसिमॉस नेसिब होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला इथिओपियातल्या ओरोमो लोकांतला मुलगा, मस्सावा बंदरात सुटला, तिथे आणि पुढे स्वीडनमध्ये शिकला. आपल्या मुलखात परतायचे त्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसले. मधल्या काळात आस्तेर गानो या ओरोमो बाईच्या मदतीने त्याने ओरोमो बायबल पुरं केलं, ते 1899 साली छापलं गेलं. तो स्वतः वोल्लेगात, आपल्या ओरोमो मुलखात, पोहोचला 1904 साली.

इथिओपियातलं मेकाने येसुस चर्च 1959 साली स्थापन झालं तेव्हा सभासद वीस हजारांच्या आसपास होते. आज एक कोटीच्या वर आहेत. मधे डेर्गची, म्हणजे लष्करी, राजवट येऊन गेली. चर्चांना कुलुपं लागली, सरचिटणीस गुदिना तुम्सा यांना 1979च्या जुलैत पळवून नेऊन मारलं. लोक घरांत जमत राहिले, कारण गाणी आणि वचन त्यांच्या भाषेत होतं आणि चालवणारी माणसं गावातलीच होती.

तेव्हा आराखड्यात एक ओळ घालावी. गावातलं कुणी कामासाठी बाहेर निघालं, मग ते सुरतेला असो की मस्कतला, तर त्याच्याजवळ तीन गोष्टी द्याव्यात: सभासदत्वाचं बदलीपत्र, ल्यूथरची श्रद्धेची लहान प्रश्नोत्तरी त्याच्या भाषेतली, आणि तिथल्या जवळच्या मंडळीतल्या एका माणसाचं नाव व नंबर. पत्र निघायच्या आदल्या रविवारी, सगळ्यांसमोर. गाडीत बसल्यावर ‘पाठवतो’ म्हटलेलं पत्र जात नाही.