सरपंचांच्या अहवालात काय बघावं?

आर्थिक वर्षाची पहिली ग्रामसभा म्हणजे गावाच्या हिशोबाची सभा. पण बहुतेक ठिकाणी सरपंच 'यंदा एवढे लाख आणले, एवढी कामं केली' असं सांगतात, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) दोन पानं भरभर वाचतात आणि विषय मंजूर होतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 8 ची अपेक्षा याहून मोठी आहे. या सभेपुढे गेल्या वर्षाचं जमाखर्चाचं विवरण, कारभाराचा अहवाल, चालू वर्षात करायची कामं, आणि शेवटच्या लेखापरीक्षणातले शेरे व त्यांना पंचायतीनं दिलेली उत्तरं ठेवावी लागतात. यातला शेवटचा कागद सहसा कुणी मागत नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी, कारण मागच्या वर्षी पैसे नेमके कुठे अडले ते त्यात लिहिलेलं असतं.

'एवढे लाख आले' या आकड्यावरून काहीच कळत नाही. पैसा कुठल्या हेडचा, हे आधी विचारायचं. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी 2021-22 पासून 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित असा विभागलेला होता. म्हणजे 10 लाख आले असतील तर 3 लाख पिण्याच्या पाण्यावर, 3 लाख स्वच्छतेवर आणि उरलेले 4 लाख गावानं आराखड्यात ठरवलेल्या कामांवर. अबंधित पैशातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. 'पैसे पडून आहेत तर आमच्या गल्लीचा रस्ता का करत नाही?' या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथं असतं. पडून असलेला पैसा पाण्याचा असतो आणि त्यातून रस्ता करता येत नाही. अशा वेळी सरपंचांवर राग काढण्यापेक्षा पाण्याचं काम का रखडलं ते विचारावं. कुठलं काम आराखड्यात आहे आणि त्यावर किती खर्च पडला, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर लॉगिन न करता, गावाचं नाव निवडून बघता येतं. सभेला जाताना तो कागद छापून न्यावा.

गावातल्या अडलेल्या माणसांना पंचायत जी मदत करते, ती मुख्यतः स्वनिधीतून, म्हणजे घरपट्टी आणि इतर स्वउत्पन्नातून. त्यातला 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. समजा गावात 400 घरं आहेत आणि सरासरी घरपट्टी 900 रुपये आहे. मागणी झाली 3,60,000. वसुली 60 टक्केच झाली तर हातात येतात 2,16,000, आणि दिव्यांगांचा वाटा होतो 10,800. यादीत 18 जण असतील तर माणशी 600 रुपये. पूर्ण वसुली झाली असती तर तेच माणशी 1,000 झाले असते. महिला व बालकल्याणाच्या वाट्याचंही तसंच. घरपट्टी थकवणाऱ्याला वाटतं की आपण पंचायतीचे पैसे अडवले. खरं तर ते शेजारच्या घरातल्या अपंग मुलाचे असतात. म्हणून अहवालात मागणी किती आणि वसुली किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी मागावेत. नमुना 9 च्या मागणी नोंदवहीत ते असतात.

दिव्यांग निधीत दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक म्हणजे यादी जुनी असते. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आहे, पण पंचायतीत नोंदच केलेली नाही, अशी माणसं प्रत्येक वाडीवर सापडतात. दुसरं म्हणजे वाटप मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं, आणि तेव्हा घाईत सगळ्यांना सारखीच वस्तू वाटून मोकळं होतात. कुणाला कुबडी हवी असते, कुणाला श्रवणयंत्र. गरजांची यादी ऑक्टोबरपर्यंत तयार असेल तर खरेदी नीट होते.

निराधारांच्या पगाराचा, म्हणजे दरमहा मिळणाऱ्या अनुदानाचा प्रश्नही सभेत येतोच. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात मंजूर होतो. तो मंजूर करणं सरपंचांच्या हातात नाही. त्यांनी दाखले वेळेवर मिळतात की नाही एवढं बघायचं. पैसे अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बँक खात्याला आधार जोडलेलं नसणं. एक दिवस ठरवून बँकेचा माणूस गावात बोलावला तरी बरेच पगार सुरू होतात.

आता पाणी. इथं अहवालात 'नियमित शुद्धीकरण केले' एवढंच वाक्य असतं, आणि ते तपासता येतं. 33 टक्के क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर 1,000 लिटरला 5 ग्रॅम लागते. टाकी 50,000 लिटरची असेल आणि रोज एकदा भरत असेल तर दिवसाला 250 ग्रॅम, वर्षाला साधारण 91 किलो. 25 किलोची गोणी घेतली तर जवळपास चार गोण्या. खरेदीच्या बिलात दोनच गोण्या असतील तर अर्धं वर्ष पावडर पडलेली नाही. चारही गोण्या एकदम घेतल्या असतील तर तेही चुकलं. ओल आणि उन्हानं पावडरीतला क्लोरीन उडतो, आणि तो 20 टक्क्यांखाली गेला की पावडर वापरण्यालायक राहत नाही.

पावडर थेट टाकीत फेकायची नसते. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करायचा, पाणी वाढवून ढवळायचं, चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं. त्यानंतर किमान अर्धा तास नळांना पाणी सोडायचं नाही. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून बघायची चाचणी, टाकीजवळच्या नळावर घेऊन उपयोग नाही, ती पाइपलाइनच्या शेवटच्या घरी घ्यायची. तिथं पिवळा रंग आला नाही तर एक तर पावडर कमी पडली, किंवा मध्ये कुठे तरी पाइप फुटून गटाराचं पाणी आत येतंय. जलसुरक्षकाची, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या माणसाची नोंदवही सभेत मागावी, आणि पाण्याच्या सुरक्षिततेबद्दल गावाला लाल, पिवळं की हिरवं कार्ड आहे तेही विचारावं.

हे सगळं विचारण्यासाठी सभा भरली पाहिजे. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती. ती नसली की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, मग मूठभर लोकांत विषय उरकले जातात. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. आपला विषय त्याआधीच लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि अर्जात रजिस्टरचं नाव स्पष्ट लिहावं. तोंडी प्रश्नाला 'दप्तर बघून सांगतो' हे उत्तर ठरलेलं असतं. लेखी अर्ज असेल तर ही सबब सहज चालत नाही. सभा उठण्याआधी प्रोसिडिंगमधली (सभेच्या इतिवृत्तातली) आपल्या विषयाची नोंद वाचून घ्यावी आणि मगच सही करावी. कोऱ्या पानावर सही देऊ नये.