बोललेली भाषा आणि घडवलेली लिपी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात वाढलेल्या बहुतेक मराठी माणसांना देवनागरीबरोबर कन्नड लिपीही थोडीफार वाचता येते. काहींना ती शाळेने शिकवलेली असते, तर काहींना बसच्या पाट्यांनी. येथे पाट्यांवरून वाद पुष्कळ झाले, पण पाट्यांवरची अक्षरे नीट न्याहाळणारे मात्र थोडेच. जगातील लिप्यांची ‘नैसर्गिक’ आणि ‘कृत्रिम’ अशी विभागणी वाचनात येते, तेव्हा मला ती प्रथम या पाट्यांवर ताडून पाहावीशी वाटते, आणि माझ्या मते ती तेथेच डळमळू लागते. मूल भाषा कानांनी आपोआप उचलते. अक्षर मात्र कोणी गिरवून घेतल्याशिवाय येत नाही. त्या अर्थाने प्रत्येक लिपी घडवलेलीच असते, फक्त काहींचे घडवणारे आपल्याला ठाऊक असतात आणि काहींचे काळाच्या ओघात विसरले गेलेले असतात.

‘कित्तूर’ हे नाव दोन्ही लिप्यांत पाहा. देवनागरी पहिला ‘त’ अर्धा करते आणि उकार दुसऱ्या, पूर्ण ‘त’ला देते. कन्नड लिपी पहिला ‘त’ पूर्ण ठेवते, दीर्घ उकाराची खूण त्याच्याच उजवीकडे जोडते आणि दुसरा ‘त’ त्याच्या पायाशी बारीक करून बसवते. या पायाशी बसणाऱ्या अक्षराला कन्नडमध्ये ‘ओत्तक्षर’ म्हणतात. उच्चार तोच, पण दोन लिप्यांनी काढलेल्या तोडी वेगळ्या. दोघींचे मूळ ब्राह्मी असल्याने वर्णमालेचा क्रम मात्र एकच आहे, आणि कानडी दोन व तीन हे आकडे मराठी माणसाला न शिकताही ओळखता येतात. खानापूर तालुक्यातील हलशी म्हणजे कदंब राजघराण्याची पलाशिका. तेथे सापडलेल्या ताम्रपटांची भाषा संस्कृत असली, तरी लिपी कन्नड-तेलुगूच्या पूर्वज घराण्यातील आहे. संस्कृत म्हणजे देवनागरी हे समीकरण बरेच अलीकडचे आहे.

उणिवाही दोघींकडे आहेत. कन्नडमध्ये ‘ए’ ऱ्हस्व आणि दीर्घ असा दुहेरी असतो. देवनागरीसाठी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, ऱ्हस्व ‘ऎ’ची सोय असली, तरी मराठी लेखनात तो कोणी वापरत नाही. उलट ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील ‘च’ वेगवेगळे असूनही देवनागरीने ते एकाच अक्षरावर भागवले आहेत, आणि कन्नड अक्षरांत मराठी उधारीची वही लिहिणारा दुकानदारही तसेच भागवतो.

आपली वर्णमाला कंठापासून ओठांपर्यंत लावलेली आहे, म्हणजे तोंडाचे ज्ञान क्रमात आहे. अक्षराच्या आकारात ते मुळीच नाही. कोरियाच्या सेजोंग राजाने ते आकारातच आणले. त्याने १४४३ मध्ये सिद्ध केलेली आणि १४४६ मध्ये जाहीर केलेली हंगुल लिपी २८ अक्षरांची होती. तिच्यात ‘न’ हा टोक वर उचललेल्या जिभेसारखा आहे आणि ‘म’ म्हणजे तोंडाचा चौकोन. उच्चार जोरकस झाला की मूळ आकारावर एक रेघ वाढते. शहाणा माणूस ती सकाळ सरण्याआधी शिकेल, असे ही लिपी समजावणाऱ्या त्या वेळच्या ग्रंथाच्या शेवटी म्हटले आहे. तरीही चिनी अक्षरांत मुरलेल्या दरबारी विद्वानांनी तिला विरोध केला, आणि सरकारी कागदांत तिला मानाचे स्थान मिळायला १८९४ साल उजाडावे लागले. इतकी सुबक लिपी साडेचार शतके उंबऱ्याबाहेर राहिली, हे मला तिच्या रचनेपेक्षाही अधिक बोलके वाटते.

अमेरिकेतील चेरोकी भाषेसाठी सिक्वोयाने १८२१ च्या सुमारास लिपी केली, तेव्हा त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. इंग्रजी डी आणि डब्ल्यू यांच्यासारखे आकार त्याने अनुक्रमे ‘अ’ आणि ‘ला’ या उच्चारांसाठी खुशाल वापरले. १८२८ मध्ये या लिपीत वृत्तपत्र छापले जाऊ लागले. आपल्या देशात रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये संथाळीसाठी ओल चिकी घडवली. तोपर्यंत ही भाषा रोमन, बंगाली, ओडिया, देवनागरी अशी मिळेल त्या लिपीत लिहिली जात होती. कोकणीचे तसेच आजही चालले आहे. ओल चिकीत स्वरांना व्यंजनांइतकेच स्वतंत्र अक्षर आहे, काना-मात्रा नाहीत. एका माणसाने बसून केलेली ही लिपी आज शाळेत शिकवली जाते.

आणि आपली मोडी? तिच्यात कारभार शतकानुशतके चालला, आणि सीमाभागातील जुन्या घरांत तिची दप्तरे अजून सापडतात. आमच्या घरातील एका वाटणीपत्रात कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी आडव्या रेघा ओढलेल्या आहेत आणि बोरू फारसा न उचलता अक्षरे त्यांना अडकवत नेलेली आहेत. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नाही, सारे लक्ष वेगाकडे. छापखान्याला बाळबोध म्हणजे देवनागरी सोयीची पडली, कचेऱ्यांनी मोडी सोडली, आणि दोन पिढ्यांत ती घरच्यांनाच वाचता येईनाशी झाली. २०१४ मध्ये तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली, त्यामुळे संगणकावर ती आता उमटते. पण जमिनीच्या हिश्श्याचा वाद निघाला, की आजचा उतारा कन्नडमध्ये, जुना कागद मोडीत आणि भांडण मराठीत, अशी आमच्याकडची स्थिती असते. वकिलाच्या आधी मोडी वाचणारा शोधावा लागतो, आणि तो पानाप्रमाणे पैसे घेतो.